शुगरच्या पायासाठी एमसीआर चप्पल: सांगली-मिरजेत घेताना काय बघाल

निकाल आधीच सांगून टाकू. पाय बधिर व्हायला लागलाय, पण जखम नाही आणि बोटं फारशी वाकलेली नाहीत, अशा शुगरच्या माणसासाठी एमसीआर चप्पल ही पाचपैकी साडेचार गुणांची वस्तू आहे. घरात, ऑफिसात, डांबरी रस्त्यावर हिच्याइतकी स्वस्तात उपयोगी पडणारी दुसरी वस्तू सापडणं कठीण. तीच चप्पल घालून उसाच्या फडात जायचं असेल तर एकच गुण. आणि तळव्याला आधीच जखम असेल तर शून्य, कारण तेव्हा चप्पल नव्हे, डॉक्टर लागतो. अर्धा गुण कापलाय तो नावासाठी: ‘एमसीआर’ म्हणून हातात पडणारी प्रत्येक जोडी एमसीआर असतेच असं नाही. ती ओळखायची कशी, हेच इथं जास्त सांगायचंय.

एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. रबराच्या पोटात हवेचे बारीक कप्पे असतात. पाय पडला की ते दबतात, उचलला की परत फुगतात. ही चप्पल शुगरवाल्यांसाठी निघालेलीच नाही. कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी ती आधी वापरात आली. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरोगात बोटं आणि तळवे खराब होतात ते थेट जंतूंनी कुरतडल्यामुळे नव्हे, तर दुखणंच कळत नसल्यामुळे. खुपतंय हे समजत नाही, म्हणून माणूस त्याच जागेवर दाब देत चालत राहतो. शुगरचा बधिर पाय याच वाटेनं जातो. मिरजेला रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय असल्यामुळे या भागाला असल्या पायताणांची ओळख जुनी आहे. ‘ती त्या रोग्यांची चप्पल’ म्हणून अजूनही काही घरांत नाक मुरडतात. मुरडणाऱ्यांनी आधी आपल्या तळव्याकडे बघावं.

आधी पायाचा पहारा कसा ढिला पडतो ते

‘शुगरमुळे प्रतिकारशक्ती कमी होते’ हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. पण कमी होते म्हणजे नेमकं काय बिघडतं, हे कळल्याशिवाय चपलेवर पैसे का घालायचे हे पटत नाही.

कातडीला तडा गेला की बहुतेकदा कातडीवरचेच जंतू आत उतरतात. स्टॅफिलोकॉकस हा त्यातला नेहमीचा गडी. काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं पोचायला हव्यात. या पेशींचं, विशेषतः न्यूट्रोफिलचं, काम तीन टप्प्यांचं असतं: रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडून जखमेकडे सरकायचं, जंतू गिळायचा, आणि गिळलेला जंतू मारायचा. रक्तातली साखर बराच काळ चढलेली राहिली की तिन्ही टप्पे मंदावतात. मारण्याचं काम का बिघडतं ते बघण्यासारखं आहे. पेशी ऑक्सिजनपासून जहाल रसायनं बनवून जंतूवर सोडते, आणि ती बनवायला एनएडीपीएच नावाचा रेणू लागतो. पेशीत साखर जास्त शिरली की तिचा काही भाग सॉर्बिटॉलमध्ये बदलला जातो, आणि त्या कामातही हाच रेणू खर्ची पडतो. एका पाटाचं पाणी दोन शेतांत फोडलं की शेवटच्या वाफ्याची जी गत होते, तीच इथं जंतू मारण्याच्या कामाची.

दुसरं, जंतूंवर ‘याला गिळा’ अशी खूण करणारी प्रथिनं रक्तात फिरत असतात. साखर त्यांनाही चिकटते आणि खूण नीट उमटत नाही. तिसरं, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात. पांढऱ्या पेशी उशिरा पोचतात एवढंच नव्हे, तर अँटिबायोटिकची गोळीही रक्तातूनच जायची असते. ‘गोळ्या चालू आहेत तरी जखम हलत नाही’ ही तक्रार पुष्कळदा इथली असते. अशा वेळी चौथं अँटिबायोटिक बदलण्याआधी पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्यावा लागतो.

आणि मग मज्जातंतू. त्यांचं नुकसान तीन तऱ्हांनी होतं, आणि चपलेशी संबंध येतो तो इथंच. संवेदना नेणारे तंतू गेले की खडा टोचलेला कळत नाही. घाम आणणारे तंतू गेले की कातडी कोरडी पडून टाचेला भेगा जातात. पायातल्या छोट्या स्नायूंचे तंतू गेले की बोटं नखांच्या बाजूनं खाली वाकतात आणि चवड्याची हाडं तळव्यातून खाली रेटली जातात. त्या जागी घट्टा बनतो. घट्ट्याखाली दाबानं मांस चेचत राहतं, आत रक्त साकळतं आणि वरून सगळं ठीक दिसतं.

‘आजार हत्तीच्या पावलानं येतो आणि मुंगीच्या पावलानं जातो’ म्हणतात. शुगरच्या पायात तो येतोही मुंगीच्याच पावलानं. आधी पायाला मुंग्या येतात. मग एक दिवस त्या थांबतात आणि माणूस म्हणतो, बरं वाटतंय. बरं वाटत नसतं, वाटणंच थांबलेलं असतं.

यात दिलासा एवढाच की पांढऱ्या पेशींचं बिघडलेलं काम बऱ्याच अंशी परत येतं. साखर ताब्यात आली की त्या पुन्हा कामाला लागतात. बहुतेक प्रौढांसाठी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ७ टक्क्यांच्या आत ठेवतात. वय फार असेल, किडनी-हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टर थोडी सूट देतात. मेलेले तंतू मात्र सहसा परत येत नाहीत. म्हणून साखर उतरली तरी चप्पल सुटत नाही. उलट बाजूही ध्यानात ठेवायची: संसर्ग झाला की शरीरातले ताणाचे हार्मोन वाढतात आणि साखर वर जाते. पथ्य तेच, गोळ्या त्याच, आणि साखर अचानक दोन-तीन दिवस २५०-३०० दाखवायला लागली, तर गोळ्यांच्या कंपनीला नावं ठेवण्याआधी मोजे काढून दोन्ही तळवे बघा. लघवीला जळजळ, हिरडीला सूज, खोकला, काखेत किंवा मानेवर काळपुळी हेही बघा.

दुकानात उभ्या उभ्या करायची परीक्षा

या जोड्या सर्जिकल सामानाच्या दुकानांत, मोठ्या मेडिकलमध्ये आणि काही चपलांच्या दुकानांतही मिळतात. साधारण ५०० पासून दीड हजारापर्यंतच्या पट्ट्यात बरंच काही दिसतं. किमतीवरून प्रत ओळखता येत नाही. महाग जोडीत वरचं कातडं चांगलं असतं, तळ तोच असू शकतो.

चिमटीची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. पायाला लागणारा वरचा मऊ थर अंगठा आणि तर्जनीत धरून जोरानं दाबा. खरा एमसीआर साधारण निम्म्या जाडीपर्यंत दबतो आणि सोडल्यावर लगेच जागेवर येतो. अजिबात दबत नसेल तर ते साधं रबर. अगदी लोण्यासारखं दबून अंगठ्याचा खड्डा तसाच राहत असेल तर तो हलका फोम आहे. दुकानात फार गुबगुबीत वाटतो आणि महिन्या-दोन महिन्यांत टाचेखाली पापड होतो. ‘मऊ आहे’ एवढ्यावर फसू नका. मऊपणाइतकंच परत फुगणं महत्त्वाचं.

मग चप्पल आडवी धरून कडेनं बघा. दोन थर वेगळे दिसायला हवेत: वर ८ ते १२ मिलिमीटरचा एमसीआर, खाली कडक, खाचा असलेला तळ. एकाच मऊ थराची चप्पल बाहेर वापरायची नसते. खालचा कडक तळ नसेल तर काच, तार, काटा थेट वर येतो. दोन थर डिंकानं आणि शिलाईनं जोडलेले असावेत, खिळ्यांनी नव्हे. खात्री करायला फ्रिजवर चिकटवायचं लोहचुंबक सोबत न्या आणि तळव्याच्या भागावरून फिरवा. कुठं ओढ लागली तर आत चुका, म्हणजे बारीक खिळे, किंवा स्टेपलची पिन आहे. ती जोडी परत ठेवा. पुढे दुरुस्तीला दिलीत तरी कारागिराला बजावून सांगा की चुका मारायच्या नाहीत, चिकटवा आणि शिवा. बधिर पायाला वर आलेलं चुकेचं टोक संध्याकाळपर्यंत कळत नाही, कळतं ते मोज्यावरच्या रक्तावरून.

पट्टे रुंद असावेत, आतून मऊ अस्तर असावं, शिलाईची गाठ कातडीच्या बाजूला नसावी. बोट आत घालून सगळीकडून फिरवा. पुढचा आणि मागचा पट्टा वेल्क्रोचा हवा, कारण शुगरच्या पायाला सकाळ-संध्याकाळ सूज कमी-जास्त होते. मागचा पट्टा नसलेली जोडी घेऊच नका. चप्पल पायात राहावी म्हणून माणूस नकळत बोटं आवळतो, आणि आवळलेली बोटं टोकाला घासतात. पाय पुरता बधिर असेल तर चप्पल वाटेत निसटल्याचंही कळत नाही.

अंगठ्याच्या बेचक्यात अडकणारी चप्पल याच कारणानं बाद. यात कोल्हापुरीही आली, आणि हे लिहिताना हात जड होतो. २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात सांगली आणि सातारा हे जिल्हेही आहेत. म्हणजे ती आपल्या घरचीच. पण तिचा कडक चामड्याचा तळ आणि अंगठ्याचा वेढा बधिर पायाला सोसत नाही. ‘आठ दिवस चावते, मग पायात बसते’ हा तिचा जुना नियम इथं उलटतो: ती चावते, पायाला कळत नाही, आणि आठव्या दिवशी जखम बसलेली असते.

मापाचं गणित वेगळंच. बधिर पायाच्या माणसाला नेमकं बसणारं माप सैल वाटतं, कारण घट्ट झाल्याशिवाय पायात काही आहे हेच जाणवत नाही. म्हणून तो हमखास एक नंबर लहान घेतो. ‘कसं वाटतंय?’ या दुकानदाराच्या प्रश्नावर विसंबू नका, कागदावर विसंबा. घरी संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड कागदावर उभे राहा. दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पायांची बाह्यरेषा काढायला सांगा. तो आकार कापून दुकानात न्या आणि चपलेवर ठेवा. कागद कुठंही कडेबाहेर जाता कामा नये, आणि सगळ्यात लांब बोटापुढे एक ते दोन सेंटिमीटर जागा उरायला हवी. सगळ्यात लांब बोट अंगठाच असतो असं नाही. दोन पायांत फरक असेल तर मोठ्या पायाचं माप धरा.

ज्या जोड्यांवर नुसतं ‘डायबेटिक’ लिहिलंय त्यांना वेगळा मान देण्याचं कारण नाही. तो शब्द छापायला चिमटीची परीक्षा द्यावी लागत नाही. जत्रेत आणि प्रदर्शनांत मिळणाऱ्या ॲक्युप्रेशरच्या टोचऱ्या चपला मात्र थेट धोक्याच्या. रक्ताभिसरण सुधारतं म्हणून त्या विकतात. जिथं दाब वाटून द्यायचा, तिथं त्या दाब वीस-पंचवीस टोकांवर गोळा करतात.

एखादं बोट कापलेलं असेल, चवड्याखाली पूर्वी जखम होऊन गेली असेल, किंवा पायाची कमान खाली बसून तळवा होडीसारखा झाला असेल, तर तयार जोडी चालणार नाही. अशा पायाचा साचा घेऊन आतली गादी बनवावी लागते. ते काम कृत्रिम अवयव आणि आधारसाधनं बनवणाऱ्या तंत्रज्ञाचं, दुकानदाराचं नाही.

पहिले आठ दिवस

नवी जोडी पहिल्या दिवशी अर्धा ते एक तास. काढल्यावर पाय बघायचा: कुठं लाली आहे का? लाली असेल तर घड्याळ लावा. वीस मिनिटांत गेली तर ठीक. राहिली, तर तिथं दाब जास्त पडतोय. पट्टा सैल करा, तरीही राहिली तर जोडी बदला. रोज तासभर वाढवत आठवड्यात पूर्ण वेळावर या. एवढ्यासाठी बिल जपून ठेवा आणि ‘आठ दिवसांत बदलून देणार का’ हे पैसे देण्याआधीच विचारा.

सहा महिने ते वर्षभरात एमसीआर दबून जातो, मग वरून चप्पल नवी दिसली तरी ती संपली. चिमटीची परीक्षा दर महिन्याला करत राहा. धुवायची ती साबणाच्या पाण्यानं, वाळवायची सावलीत. उन्हात रबर कडक होतं आणि थर उकलतात. पायात घालण्याआधी उलटी करून झटका, हातानं आतून चाचपा. खडा, मुलांच्या खेळण्याचा तुकडा, बाभळीचा काटा, काहीही निघतं.

चप्पल जिथं कमी पडते

फड आणि बाग. तोडणीनंतर उभे राहिलेले उसाचे बुडखे आणि जोंधळ्याची धसकटं बाजूनं घुसतात, तिथं उघडी चप्पल काय करणार? बाभळीचा मोठा काटा तर मऊ तळातून आरपार येतो. शेतात गुडघ्यापर्यंतचा गमबूट, आत जाड सुती मोजे, आणि दर दोन तासांनी बांधावर बसून बूट काढून पाय बघणं. कटकट आहे, मान्य. पाचट पसरलेल्या रानात तर पायाखाली काय आहे ते दिसतही नाही.

पाणी. २०१९ आणि २०२१ चे पूर सांगलीकरांना सांगायला नकोत. पुराच्या पाण्यात गटार असतं, उंदरांची लघवी असते, आणि लेप्टोस्पायरा हा जंतू कातडीच्या बारीक चिरेतूनही आत जातो. शुगरच्या माणसानं पूर ओसरल्यावरची घरातली चिखल-सफाई गमबूट आणि रबरी हातमोजे घालूनच करावी. जमलं तर करूच नये, घरात दुसरं माणूस असतं. पाण्यात जावंच लागलं तर बाहेर आल्यावर पाय साबणानं धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. त्यानंतर ताप आणि पोटऱ्या दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना पुरात गेल्याचं आवर्जून सांगा.

देऊळ. दुपारी बाराला देवळाच्या दगडी आवारात अनवाणी प्रदक्षिणा घातली की बधिर तळव्याला भाजलेलं कळत नाही, घरी आल्यावर फोड दिसतो. देवाला मोज्यांचं वावडं नसतं. जाड सुती मोजे घाला किंवा सकाळी लवकर जा. लोणंद-फलटणच्या वाटेवर पालखीबरोबर अनवाणी चालण्याचा नवस शुगरच्या माणसानं बोलू नये, आणि आधीच बोलून झाला असेल तर माउली समजून घेईल.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे घर. चपला उंबऱ्याबाहेर काढायची आपली रीत, म्हणून दिवसातले निम्म्याहून अधिक तास पाय फरशीवर अनवाणी. सुई, विळीखाली पडलेला तुकडा, पलंगाचा पाय, हे सगळं घरातच लागतं. घरासाठी वेगळी स्वच्छ जोडी ठेवा, तीही मागच्या पट्ट्याची. रात्री उंदरांचा उपद्रव असेल तर मोजे घालून, मच्छरदाणी खोचून झोपा. बधिर बोट उंदरानं कुरतडलं तरी जाग येत नाही.

त्याच काउंटरवरच्या बाकीच्या वस्तू

मोजे: सुती, पांढरे किंवा फिक्या रंगाचे, वर घट्ट रबर नसलेले, बोटांवर जाड शिलाई नसलेले. रंग फिका हवा तो रक्त-पू लगेच दिसावा म्हणून. घ्या.

भेगांसाठी युरियाचं क्रीम, साधारण १० टक्क्यांचं: घ्या. आंघोळीनंतर टाचेला आणि तळव्याला लावा, बोटांच्या बेचक्यांत नको, तिथं ओल साचून चिखल्या होतात. कोकम तेलही टाचेला चालतं. ते गरम करून घालायची पद्धत आहे तेवढी सोडा, चटका बसलेला कळत नाही.

कुरूप काढायच्या चिकटपट्ट्या: अजिबात नको. त्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते कुरूप आणि चांगली कातडी यांत भेद करत नाही. घट्टा ब्लेडनं तासणंही नको. ज्याला पायाचं काम येतं त्या डॉक्टरांकडून तासून घ्या, आणि घट्टा पुन्हा पुन्हा त्याच जागी येत असेल तर चपलेचा दाब चुकतोय असं समजा.

चिखल्यांसाठी नुसतं क्लोट्रिमॅझोलचं क्रीम चालतं, दिवसातून दोनदा, खाज थांबल्यावरही दोन आठवडे. मेडिकलवाला तीन-चार औषधांचं मिश्रण असलेली ट्यूब पुढे करतो. त्यावर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असं लिहिलेलं असेल तर ती नको. ते स्टेरॉइड आहे. दोन दिवसांत लाली जाते, बुरशी आत पसरत राहते. स्टेरॉइड, चढलेली साखर आणि बुरशी हे त्रिकूट काय करतं ते २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या वेळी अख्ख्या देशानं पाहिलं.

गरम पाण्याची पिशवी, पाय शेकायचं इलेक्ट्रिक टब: दोन्ही नको. धुण्याचं पाणी कोपरानं तपासायचं, ३७ अंशांच्या वर नको, आणि पाय भिजत घालून बसायचं नाही. कातडी फुगते आणि फाटते.

ग्लुकोमीटर असतोच घरात. बेदाणे किंवा गूळ हाताळून न धुतलेल्या बोटावर तपासलंत तर आकडा खोटा चढतो, हात साबणानं धुऊन पुसा. सुई टोचायचं पेन घरात दोघांत वापरू नका. त्यातून काविळीचा बी विषाणू पसरू शकतो.

जखम झालीच तर

वाहत्या स्वच्छ पाण्यानं किंवा सलाईननं धुवा. गॉजनं टिपा, पोविडोन आयोडीनचा पातळ थर द्या, वर निर्जंतुक कोरडं गॉज, आणि कागदी चिकटपट्टी आडवी लावा. बोटाभोवती गोल आवळू नका. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी न मिसळलेलं डेटॉल ओतणं टाळा, जंतूंबरोबर नवी भरत आलेली कातडीही जळते. आणि हळद नको. सांगलीची हळद जगात जाते, हरिपूरच्या पेवांची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांची, कीर्ती आहे, ती सगळी भाजी-आमटीत. डब्यातली भुकटी निर्जंतुक नसते, तिची खपली बनून खाली पू कोंडतो, आणि पिवळ्या रंगाखाली लाली किती पसरली ते कुणालाच दिसत नाही.

बॉलपेननं लालीची कड आखून ठेवा, तारीख आणि वेळ बाजूला लिहा. कुठलीही जखम चोवीस तासांत डॉक्टरांना दाखवायचीच, धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तेव्हाच विचारायचं. पण लाली जखमेच्या कडेपासून दोन सेंटिमीटरच्या पुढे गेली, वास सुटला, बोट काळं पडलं, पाय सुजला किंवा साखर उसळली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, सांगलीचं सिव्हिल किंवा मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठा. साताऱ्याकडच्यांनी तिथलं सिव्हिल. ताप नाही म्हणून थांबू नका. पांढऱ्या पेशीच मंद असतात तेव्हा आत पू असूनही ताप येत नाही, रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशींचा आकडाही चढत नाही, असं अनेकदा घडतं. जखम नसताना एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम, लाल आणि सुजलेला वाटला, तरीही चालणं थांबवून दाखवा. हाड आतून ठिसूळ होऊन मोडत असण्याची शक्यता असते.

पाय किती बधिर झालाय ते कळायला वर्षातून एकदा १० ग्रॅमच्या नायलॉन धाग्याची तपासणी करून घ्या. धागा तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबतात, डोळे मिटून ‘लागलं’ म्हणायचं. पाच मिनिटांचं काम. त्या दिवशी जुनी चप्पल टाकून देऊ नका, पिशवीत घालून बरोबर न्या. दबलेल्या एमसीआरवर चवड्याचा आणि टाचेचा ठसा उमटलेला असतो. सगळ्यात खोल खड्डा कुठं आहे त्यावरून पुढची जखम कुठं होऊ शकते आणि नव्या जोडीत गादी कुठं वाढवायची, हे डॉक्टरांना तिथंच दिसतं.